जावयाचे भाऊबंद

माझ्या जावयाचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही लगेच मोबाइल काढून शोधायला बसाल, आणि मग जे आमच्या घरात झालं ते तुमच्याही घरात होईल. एवढंच सांगते की आडनाव आयर्लंडचं आहे, त्याच्या सुरुवातीला एक ‘ओ’ आहे आणि ‘ओ’च्या शेजारी वरच्या बाजूला एक स्वल्पविराम लटकलेला आहे. आमच्या पत्रिका छापणाऱ्याने तो दोनदा काढून टाकला. त्याला वाटलं, कागदावर काहीतरी पडलं असेल.

मुलगी वर्ध्याला नर्सिंग शिकली आणि तिकडे आयर्लंडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. एका रविवारी तिचा फोन आला. “आई, एक मुलगा आहे.” मी विचारलं, “आडनाव काय?” मुलगा करतो काय, स्वभाव कसा, दारूबिरू पितो का, यातलं काही माझ्या तोंडून आलं नाही. आधी आडनाव. आमच्याकडे आडनाव विचारलं म्हणजे खरं काय विचारलं, हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायला नको. आडनावावरून गाव कळतं, गावावरून सोयरे कळतात, आणि जे तोंडाने विचारायची लाज वाटते तेही न विचारता कळून जातं. मुलीने आडनाव सांगितलं आणि मला काही म्हणता काही कळलं नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. खरं सांगू, मला हलकं वाटलं.

आमचं देवळीला कापडाचं दुकान आहे. मुलीच्या बाबांना मी गादीवर जाऊन बातमी सांगितली. ते गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस दाखवत होते. म्हणाले, “तिले पसंत आहे ना? मंग झालं.” आणि पुन्हा ब्लाउजपीसकडे वळले. माझ्या नवऱ्याचा हा गुण मला अजून पूर्ण आवडलेला नाही, पण त्या दिवशी आवडला.

अडचण होती माझ्या मोठ्या भावाची.

मला दोन भाऊ, दोघंही माझ्या माहेरी तळेगावला. दोघांच्या संत्र्याच्या बागा एकमेकींना लागून आहेत, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मधल्या धुऱ्यावरून वाजलं होतं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मोठ्याचं म्हणणं धाकट्याने नांगरताना तो सरकवला, धाकट्याचं म्हणणं मोठ्याने. मुलगी शाळेत होती तेव्हापासून हे चालू आहे. त्या धुऱ्यावर आता बोरीबाभळी इतक्या माजल्या आहेत की कोणी खरोखर सरकवला असेल तरी ब्रह्मदेवाला सापडायचा नाही.

ते असो. आमच्या घरातल्या सगळ्या सोयरिकी मोठ्या भावाच्या हातून जुळलेल्या. कोणत्याही आडनावाचं कूळमूळ तो दोन चहात काढतो. यांची चुलत आत्या सिंदीला दिली, तिची नणंद आष्टीकडची, म्हणजे हे आपल्याला अमुक लागतात. स्थळ आलं की तो यष्टीत बसून त्या गावी जातो, कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसतो, आणि दाढी होईपर्यंत त्या घराण्याची तीन पिढ्यांची हकिगत काखेत मारून परत येतो. आता आयर्लंडला यष्टी जात नव्हती.

“घरानं मालूम नाई, मामकूळ मालूम नाई, अन् मी पोरीच्या पाठीमागं उभा राहू?” तो फोनवर म्हणाला. “मले नाई जमत, बाई.”

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो आहे म्हणजे पोरीच्या मागे माणसं आहेत. आणि हा नुसता रिवाजाचा मामा नव्हता. मुलीचे बाबा एकदा फार दिवस आजारी होते, तेव्हा तिची दोन-तीन वर्षं तळेगावला त्याच्याकडेच गेली. त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून ती शाळेत जायची. तिने मला स्पष्ट सांगितलं, “आई, मोठे मामाजी उभे राहणार नसतील तर मी तिकडे लग्नच करत नाही. इथे सही करतो आम्ही, संपलं.” माझी एकुलती एक मुलगी कुठल्याशा कचेरीत सही करून लग्न करणार आणि मी इथे देवळीत मोबाइलमध्ये तोंड घालून बघणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण चिडून भाऊ हलत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणून मी ते आडनाव मोबाइलवर टाकून पाहिलं. आणि काय सांगू, त्या आडनावाचं एक अख्खं पान निघालं! आडनाव कुठलं, जुनं किती, आणि खाली ते आडनाव लावणाऱ्या नामवंतांची ही लांब मारुतीची शेपटी. मी भावाला फोन केला. “भाऊ, उद्या देवळीला ये. घरानं सापडलं.”

तो पहिल्या यष्टीने आला. गादीवर मांडी घातली, चष्मा पुसला, आणि मी वाचायला लागले. मोबाइल आजकाल इंग्रजीचं मराठी करून देतो, जरा बोबडं असतं, पण कळतं. एक बिशप निघाला. भावाने मान डोलावली. “धार्मिक आहेत.” एक न्यायाधीश निघाला. “हे चांगलं झालं. घरात कोर्टातला मानूस पाह्यजेच.” मग फुटबॉलवाले आले, ते संपेचनात. भाऊ म्हणाला, “पोट्टे हूड दिसतात.” एक बाई गाणारी, एक माणूस झाडपाल्यावर पुस्तकं लिहिणारा, आणि एक मुष्टियोद्धा, ज्याने म्हणे भल्याभल्यांना आडवं केलं होतं. मुष्टियोद्ध्यापाशी भाऊ थांबला. “हा कोन लागते त्याचा?” मी म्हटलं, “असेल काका वगैरे.” मी तरी काय करू? एका आडनावाची माणसं एकमेकांची भाऊबंदच असतात, यावर शंका घ्यावी असं माझ्याही डोक्यात आलं नाही. एका आडनावात आम्ही सोयरीकसुद्धा करत नाही, ती काय उगाच?

मग एकाला घोडे चोरल्याबद्दल फाशी दिली होती, तो आला. मी पटकन पुढे सरकायला बघितलं, पण भावाचं लक्ष होतं.

“मांगं घे. काय म्हनलं?”

“खूप जुनी गोष्ट आहे भाऊ. इंग्रजांनी दिली फाशी.”

“इंग्रजाइनं?” तो सरळ बसला. “मंग स्वातंत्र्यसैनिकच असंल. घोडे कायले चोरते तो.”

शेवटी ‘काल्पनिक व्यक्ती’ म्हणून एक भाग होता. त्यातला एक गुप्तहेर भावाला इतका आवडला की तो काल्पनिक आहे हे मी सांगितलं तेव्हा त्याने हातानेच बाजूला सारलं. चहा झाला. दुकानात आलेल्या एका बाईने साडी घेता घेता सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, “बाप्पा, मोठं घर मिळालं तुमच्या पोरीले.” भावाची छाती त्या बोलण्याने फुगली, आणि मला वाटलं, जमलं.

कुठलं जमतंय! त्याच संध्याकाळी मुलीने व्हिडिओवर मुलाला समोर बसवलं. चेहरा लाल, केस तांबूस, आणि हसताना अर्धा लाजणारा. मधे बसून मुलगी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होती. भावाने पहिलंच विचारलं की आडनावातला तो ‘ओ’ कशाचा. मुलगा म्हणाला, ‘ओ’ म्हणजे नातू. अमक्याचा नातू. भाऊ माझ्याकडे वळला. “पाह्यलं? आडनावातच आजा बसून आहे. आपल्याइच्यात हे नाई.” सगळं असं गोडीगुलाबीत चाललेलं असताना त्याने विचारलं, “तुमच्या त्या मुष्टियोद्ध्याची तब्येत कशी आहे?”

मुलगा म्हणाला, त्याला माहीत नाही.

“बिशप साहेब येतील काय लग्नाले?”

मुलगा म्हणाला, तो त्यांना ओळखत नाही. यातल्या कोणालाच तो ओळखत नाही. त्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही.

भावाने चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणेल की लुच्चा आहे, मोठ्या घराण्याचं नाव सांगतो. पण तो पुढे वाकला आणि खालच्या आवाजात, जसं दुखणाईताशी बोलावं तसं, मुलीला म्हणाला, “त्याले विचार, वाद कायचा आहे? धुऱ्याचा आहे काय?”

माझी मुलगी हसू दाबून लाल झाली. मुलगा तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, दवाखान्यात वायरिंगची कामं करतो, त्याच्या सात पिढ्यांत कोणाला धुरा नव्हता. पण भावाच्या हिशेबी एवढ्या सगळ्या भाऊबंदांपैकी एकालाही ओळखत नाही म्हणणारा माणूस एकाच कारणाने तसं म्हणू शकतो. त्याने मुलाला चांगलं पाव तास समजावलं. जमीन काय संगं येते काय? भाऊबंद शेवटी भाऊबंद असते. लहान्यानं दोन पावलं मांगं घ्यावं. “तुमचा एक तरी भाऊबंद लग्नाले आना,” तो म्हणाला, “मी पोरीच्या पाठीमागं उभा राह्यतो. जबान देतो.”

मी जीभ दाताखाली धरून बसले होते. स्वतःचा सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर, त्याच्याशी हा बोलत नाही, आणि सातासमुद्रापलीकडच्या लेकराला भाऊबंदकीवर प्रवचन देतो! पण मुलीचं लग्न अडकलेलं होतं, आणि भावाने जबान दिली होती. म्हणून मी चहा टाकायला उठले.

मुलगा सरळ मनाचा निघाला. त्याला वडील नव्हते, भाऊ नव्हता, मामा नव्हता, आई गुडघ्यांमुळे विमानात बसू शकत नव्हती. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. हा आपल्या आडनावाची माणसं विचारत विचारत सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरला आणि दूरच्या एका खेड्यातला एक म्हातारा शेतकरी त्याने शोधून काढला. नातं कोणालाच सांगता आलं नाही. पण म्हाताऱ्याने सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि येतो म्हणाला. हे मुलीने सांगितलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावला, आणि जावयासाठी लावलेला तो माझा पहिला दिवा.

लग्नाच्या आठवड्यात तिघं आले. म्हातारा उंच, हाडापेरानं मजबूत, लोकरीची टोपी डोक्यावरून काढायला तयार नाही. मोठा भाऊ देवळीला हार घेऊन हजर. त्याने म्हाताऱ्याला ओवाळायला लावलं, शेजारी बसवलं, आणि पहिला प्रश्न मुष्टियोद्ध्याचाच केला. म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि गंभीरपणे सांगितलं की त्याला एकदा जत्रेत लांबून बघितलं आहे, पण गर्दीमुळे भेट झाली नाही. भाऊ खूश. मी त्या म्हाताऱ्याला त्याच क्षणी ओळखलं. आमच्याकडे अशी माणसं पारावर बसलेली असतात.

दुसऱ्या दिवशी भावाने सगळ्यांना शेतात रोडगे खायला बोलावलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, त्यात तूप, सोबत वांग्याचं भरीत आणि वरण. पाहुण्याला यापेक्षा मोठा मान आम्ही देत नाही. म्हाताऱ्याने रोडगा फोडला, राख फुंकली, आणि मागून मागून खाल्ला. जेवणं झाल्यावर भाऊ लग्नाचं मांडायला बसला. पोरीच्या पाठीमागं तो स्वतः. नवरदेवाच्या पाठीमागं त्याचा मामा. नवरदेवाला मामा नाही.

मी म्हटलं, “हे पाहुणे राहतील ना उभे.”

“कसे राह्यतील?” भाऊ माझ्यावरच उखडला. “याइचं अन् नवरदेवाचं आडनाव एक आहे. हे काके झाले. काका मामाच्या जागी कसा उभा राह्यते? दुसऱ्या आडनावाचा मानूस पाह्यजे, वयाचा पाह्यजे, अन् पोरीच्या घरचा पाह्यजे म्हंजे परका नाई वाटनार.”

तो स्वतःच्याच हाताने एक एक अट घालत गेला, आणि सगळ्या अटींत बसणारा एकच माणूस त्या बोरीबाभळींच्या पलीकडे संत्र्याला पाणी देत होता. माझ्याने राहवलं नाही.

“मंग धाकट्याले सांग ना.”

वहिनी भांडी गोळा करायला लागली. भाऊ आराकडे बघत बसला. म्हाताऱ्याने मुलीला विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. सगळंच सांगितलं, धुऱ्यासकट. तो उठला, धुऱ्यापर्यंत चालत गेला, बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला आणि परत येऊन भावाजवळ बसला. मग बोलला, थोडंसंच, आणि मुलीने मराठी केलं. त्याचाही एक भाऊ होता. दोघांच्या शेतांमध्ये पाण्याची चर होती, त्यावरून बोलणं बंद झालं होतं. तो भाऊ वारला. आता दोन्हीकडची जमीन त्याचीच आहे.

“मंग चर बुजवली असंल,” माझा भाऊ म्हणाला.

म्हातारा म्हणाला, नाही. बुजवायला गेलो की हात चालत नाही.

भावाने उपरण्याने तोंड पुसलं, उगाच इकडे तिकडे बघितलं, आणि मग एकदम आभाळाकडे तोंड करून, पलीकडच्या बागेत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “नवरदेवाले मामा नाई म्हनते!”

पलीकडे पाण्याची मोटर चालू होती. ती बंद झाली. मग बोरीमागून, तेवढ्याच मोठ्यानं, पण कोणालाच उद्देशून नाही, असा आवाज आला. “मले कोनी सांगतलं नाई! मी काय परका हाओ काय?”

“सांगाले कायले पाह्यजे? भाची आहे ना!” मोठा आभाळाला म्हणाला.

“पत्रिका नाई, अक्षद नाई, कसा येऊ?” धाकटा संत्र्याला म्हणाला.

मी उठले. काट्यांत पदर अडकला, हातावर ओरखडे उठले, पण मी त्या धुऱ्यावरून पलीकडे गेले आणि धाकट्याला लग्नाला बोलावलं. त्याचे केस पांढरे झालेले मला पहिल्यांदा उन्हात दिसले. तो म्हणाला, “येतो मी. पन नवरदेवाकडून. त्याच्याकडून नाई. सांगजो त्याले.”

मी म्हटलं, “सांगते.” नाही सांगितलं.

लग्न देवळीलाच झालं. अंतरपाटाच्या एका बाजूला माझी मुलगी आणि तिच्या मागे मोठा, दुसऱ्या बाजूला तो लाल चेहऱ्याचा मुलगा आणि त्याच्या मागे धाकटा. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघंही मांडवाच्या छताकडे बघत होते, जणू तिथून काहीतरी पडणार आहे. अंतरपाट निघाला, हार घातले गेले, अक्षता पडल्या, तरी ते वरच बघतात. मी मनात म्हटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं. मुलीच्या पाठीशी मामा उभा राहिला, मला आणखी काही नको.

मग भटजींनी माईक घेतला आणि व्याही-भेटी सुरू केल्या. दोन्हीकडची सारख्या नात्याची माणसं गळाभेट घेतात, ती. वडिलांच्या जागी म्हातारा आला आणि माझ्या नवऱ्याला त्याने जमिनीवरून उचललंच. लोक हसले. मग भटजी म्हणाले, “आता मामा-मामा भेट. नवरीचे मामा, नवरदेवाचे मामा, पुढे या.”

मोठा जागचा हलला नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात ही भेट कधी, कोणी, कशी घ्यायची हे इतरांना तोच ओरडून ओरडून सांगत आलेला, आणि आपल्या हाताने मांडलेल्या लग्नात हिची वेळ येणार हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. भटजींनी पुन्हा पुकारलं. मुलीने मागे वळून बघितलं, त्याचा हात धरून त्याला पुढे ओढला. धाकटा आधीच येऊन उभा होता, हातात हार, मान खाली. त्याने हार घातला. मोठ्याने घातला. आता मिठी मारायची, आणि मोठ्याने त्याच्या पाठीवर हात टाकले ते काढलेच नाहीत. माईकवाला थांबला, बँडवाला थांबला.

मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

“किती वाळला बे तू,” मोठा म्हणाला.